तिसऱ्या दिव्याची हिरवी तार

नुकत्याच सोललेल्या तांब्याच्या तारेचा रंग आपण समजतो तसा तांबडा नसतो. तो गुलाबीकडे झुकलेला असतो. बोटाचा घाम लागला की तो मंदावत जातो आणि मग भांड्याच्या तांब्यासारखा दिसायला लागतो. म्हणून मामा सोललेल्या तारेला बोट लावत नसत. ते तारेला सालीपाशी धरत, आतले केसासारखे बारीक धागे पकडीच्या टोकात घेत आणि सावकाश पीळ देत.

"किती पीळ द्यायचे?" मी विचारलं.

"बसेपर्यंत."

"बसला हे कसं कळायचं?"

"पक्कड जड लागते. त्याच्या पुढं गेलीस तर तार कडक होऊन तुटते."

धातू वाकवत गेलं की तो का कडक होतो, हे मी त्यांना सांगितलं. आतले थर एकमेकांवरून सरकतात आणि अडकत जातात. मामांनी शिडीवरून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे माणसासारखंच. फार पिळलं की अडून बसतो. दे ती टेप."

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या बार्शीत बऱ्याच घरांत सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणतात, तसं मीही म्हणत असे. मामा टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते. रस्त्याच्या कडेला खड्डा, वर ताडपत्री, आत बसून शेकडो बारीक तारा एकमेकींना जोडायच्या, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. मी गावातल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनमध्ये नवी मुलाखत, नवी नेमणूक, आणि मार्चअखेर पुन्हा घरी.

आणि ही जी खोली आम्ही तारांनी भरत होतो, ती गच्चीवर बांधलेली लांबट खोली. गिलावा झाला, फरशी झाली, आणि दिव्यांवाचून ती तशीच पडून होती. माझ्या नवऱ्याने, विश्वनाथने, ती भाड्याने द्यायचं ठरवलं होतं. भाडेकरूही मिळाला होता. बँकेचे नवे मॅनेजर, खैरनार साहेब. ते अक्षय्य तृतीयेला दिवेलागणीच्या सुमारास सपत्नीक येणार होते, खोली बघणार होते आणि पसंत पडली तर त्याच मुहूर्तावर नारळ देऊन बोलणी पक्की करणार होते. तोवर वरचे दिवे लागायला हवे होते. खालून गच्चीपर्यंतची लाइन वायरमन टाकून गेला होता. खोलीतलं काम मामांनी मागून घेतलं आणि मी त्यांच्या हाताखाली लागले.

मला ती खोली भाड्याने द्यायची नव्हती. मला तिथे प्रयोगशाळा काढायची होती.

आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा होती. तिची कपाटं कुलपात असत. काही फुटलं तर, कोणाला काही लागलं तर, जबाबदारी कोणाची, असं प्राचार्य विचारत, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नसे. मग मी फळ्यावर प्रयोग काढायची आणि मुलं मागच्या वर्षीच्या वह्यांमधली निरीक्षणं उतरवून घ्यायची. लंबकाचा दोरा कोणी मोजलेला नसे, पण उत्तर सगळ्यांचं बरोबर. मला एक खोली हवी होती जिथे शाळेतल्या मुलामुलींनी येऊन दोरा स्वतः बांधावा आणि उत्तर चुकलं तर ते स्वतःचं चुकावं. हे मी विश्वनाथला एकदा सांगितलंही होतं. तो नाही म्हणाला नव्हता. "ठरव आणि सांग," एवढंच म्हणाला होता. आणि मी ठरवत राहिले. दर जूनला मुलाखतीला जात राहिले. कोणी विचारलं की म्हणत राहिले, "बघू."

पण खोलीचा आराखडा काढायची वेळ आली तेव्हा माझी पेन्सिल माझ्याआधीच ठरवून बसली होती. दोन्ही लांब भिंतींना, टेबलाच्या उंचीला, ओळीने प्लग. प्रत्येकाला वेगळं बटण. मधोमध, टेबल येईल तिथे, छतापासून खाली सोडलेले तीन दिवे. त्यांच्यासाठी मामांनी एका बंद पडलेल्या जिनिंग गिरणीच्या भंगारातून लोखंडी छत्र्या आणल्या होत्या, वरून निळ्या आणि आतून पांढऱ्या. घासून पुसून त्या इतक्या सुंदर निघाल्या की आत्या म्हणाल्या, परात म्हणून वापरता येतील.

मामांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला होता.

"भाडेकरूला कमरेएवढ्या उंचीवर प्लग कशाला?"

"इस्त्रीला," मी म्हणाले.

"आणि हा?"

"मिक्सरला."

"आणि हे पुढचे सहा?"

मी पेन्सिलीला टोक काढायला लागले. मामांनी कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. "खैरनार साहेबाला कपड्यांची फार आवड दिसते," ते म्हणाले आणि शिडी आणायला गेले.

ते दिवस आठवले की आजही मला हातांत हुरूप जाणवतो. पहाटे उन्हं चढायच्या आत आम्ही वर जायचो. चैत्रअखेरची बार्शी, दुपारी पत्र्यावर पापड भाजावेत असं ऊन. मी तारा मोजून कापायची, मामा पाइपातून ओढायचे. कॉलेजात मी विद्युतधारेवर कितीतरी तास बोलले होते, पण भिंतीच्या एका टोकाला तार ढकलावी आणि दुसऱ्या टोकाला ती साप डोकावावा तशी बाहेर यावी, यातली गंमत मला नवीन होती. आत्या जेवायला हाका मारून थकायच्या. शेवटी ताट घेऊन स्वतः वर यायच्या आणि म्हणायच्या, "एकाचं डोकं फिरलं तर दुसरं ठिकाणावर असावं. इथं सासरा तसा आणि सूनही तशी."

मामांची काम करायची एक रीत होती. केबल जोडताना एक माणूस या खड्ड्यात आणि दुसरा पुढच्या खड्ड्यात. दोघांनी आपापल्या टोकाला रंग पाहून जोडत जायचं. दुसऱ्याच्या टोकाला हात लावायचा नाही. दोघांनी एकच जोड पाहिला की दोघांनाही वाटतं दुसऱ्याने नीट पाहिला असेल, असं ते म्हणत. त्यामुळे आम्हीही कामं वाटून घेतली. बोर्ड आणि छतालगतचे जंक्शन बॉक्स, म्हणजे तारा जोडायच्या डब्या, हे मामांचं टोक. दिवे, होल्डर, छत्र्या हे माझं. तारांचे रंग मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते. वीज आणणारी लाल फेज, ती परत नेणारी काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंगची, म्हणजे छत्रीच्या लोखंडाला जोडून थेट जमिनीत जाणारी. मामांनी मान डोलावली होती. घरातल्या तारा त्यांना अगदीच पोरखेळ वाटत. त्यांच्या केबलमध्ये रंगांचा ठरलेला क्रम असे आणि काम करताना तो ते स्वतःशी पुटपुटत. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. पुन्हा निळा, नारिंगी.

अक्षय्य तृतीयेला सकाळी फक्त तिसरा दिवा राहिला होता. त्या दिवशी बसवजयंतीही असते. आमच्याकडे मोठा सण, गावात मिरवणूक. नेमकी लाल तार संपली आणि दुकान बंद. पिवळ्या तारेचं एक वेटोळं शिल्लक होतं. मामा शिडीवरून म्हणाले, "पिवळी चालवू. पिवळीत काय वीज जात नाही?" मी म्हणाले, चालेल. मी खाली छत्रीपाशी होते. थोड्या वेळाने पाइपातून माझ्याकडे तीन तारा आल्या, काळी, पिवळी आणि हिरवी. काळी होल्डरला न्यूट्रल म्हणून, पिवळी होल्डरला फेज म्हणून, हिरवी छत्रीच्या स्क्रूला. मी जोडलं, टेप गुंडाळली आणि खाली अंघोळीला गेले.

दुपार कलल्यावर आम्ही सगळे वर जमलो. आत्यांनी फरशी धुऊन काढली होती, ती अजून ओली होती. उंबऱ्याबाहेर रांगोळी काढून त्या हळदीकुंकवाचं आणि विभूतीचं ताट घेऊन आत आल्या. घरात नवीन वस्तू आली की तिला आधी हळदीकुंकू, हा आत्यांचा नेम. फ्रिज आला तेव्हा फ्रिजला, स्कूटर आली तेव्हा हेडलाइटला. मी सणाची साडी नेसले होते, पदर कमरेला खोचला होता आणि अंबाड्यात टेस्टर.

मामा दाराजवळ बोर्डापाशी उभे राहिले. पहिलं बटण. दिवा लागला आणि छत्रीखाली उजेडाचं गोल वर्तुळ ओल्या फरशीवर पडलं. आत्यांनी आधी दिव्याला हात जोडले आणि मग बोट कुंकवात बुडवून छत्रीवर टेकवलं. मी टेस्टर लावून आधीच पाहून घेतलं होतं. कॉलेजातली जुनी यंत्रं अधूनमधून झटका देत, तेव्हापासून लोखंडाला टेस्टर लावल्याशिवाय हात लावायचा नाही, ही माझी सवय. दुसरं बटण. दुसरा दिवा. मामांनी बोर्डालाच हलकेच थोपटलं, बैलाच्या पाठीला थोपटावं तसं.

तिसरं बटण. काही नाही.

मामांनी दोनतीनदा खटखट केलं आणि बटण चालू ठेवून दिलं. "बल्ब सैल असेल," मी म्हणाले आणि तिकडे निघाले. आत्याही ताट घेऊन निघाल्या होत्या. "रुसलाय तो," त्या म्हणाल्या. "ह्याला आधी कुंकू लावते, बघा कसा लागतो."

मी त्यांच्या अर्धं पाऊल आधी पोचले. बल्ब फिरवण्यासाठी छत्री धरावी लागणार होती, म्हणून टेस्टर काढला आणि छत्रीच्या कडेला टेकवला. दारातून लख्ख उजेड येत होता, त्यात टेस्टरचा दिवा दिसत नाही. मी त्याच्यावर तळहाताची ओंजळ धरली. आत दोन नारिंगी ठिपके स्वच्छ जळत होते.

आत्यांचं ओलं बोट छत्रीपासून वीतभर होतं. त्या अनवाणी होत्या.

"आत्या, हात खाली घ्या," मी म्हणाले. आवाज वर्गातल्यासारखाच निघाला. "मामा, मेन."

मामांनी का म्हणून विचारलं नाही. खटका पडला आणि लागलेले दोन्ही दिवे विझले.

"काय झालं?" आत्यांनी विचारलं. हात खाली घेतला होता, पण कुंकवाचं बोट तसंच ताठ.

"छत्रीत करंट होता."

"असं कसं? हा दिवा तर लागलेलाच नव्हता."

विश्वनाथ तेवढ्यात पाहुण्यांसाठी खुर्च्या घेऊन जिना चढून आला होता. त्याने हे ऐकलं, आईकडे पाहिलं, ओल्या फरशीकडे पाहिलं आणि खुर्च्या हळूच खाली ठेवल्या. मामांनी खिशातली पक्कड काढून खिडकीत ठेवली आणि ते उंबऱ्यावर बसले.

"उद्या वायरमनला बोलवा," ते म्हणाले. "माझी सगळी टोकं त्याला बघू दे. मी आता हात लावत नाही."

विश्वनाथ म्हणाला, तेच बरं. दोन दिवे लागतात, तेवढे खैरनारांना दाखवायला पुरेत. तिसऱ्याचं नंतर बघता येईल.

सगळं बरोबर होतं. मीसुद्धा घाबरायला हवं होतं आणि रात्री घाबरलेही. पण त्या क्षणी माझ्या कानात आत्यांचा प्रश्न घुमत होता. दिवा लागलेला नव्हता, मग करंट कसा? यापेक्षा नेमका प्रश्न मला वर्गात कधी कोणी विचारला नव्हता. आणि त्याचं उत्तर या खोलीतच, पाच हातांवर, एका टेपखाली होतं.

"आत्या, तुमची रांगोळी द्या."

मी वाटी घेतली आणि कोरड्या कोपऱ्यात खाली बसून काढायला लागले. हा बोर्ड. हा दिवा. ही त्याच्याभोवतीची छत्री. बोर्डाकडून तीन वाटा येतात. एकीने वीज दिव्यात जाते, दुसरीने दिव्यातून परत येते, तिसरी छत्रीपासून सरळ जमिनीत. आत्या ताटासकट माझ्याजवळ बसल्या. मी म्हणाले, इथे दोन गोष्टी बिघडल्यात, दिवा लागत नाही आणि छत्रीत वीज येते. दोन वेगवेगळ्या चुका एकाच वेळी एकाच दिव्यात झाल्या असं मानायचं, की दोन्हींचं कारण होईल अशी एकच चूक शोधायची?

आत्या रांगोळीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कुंकवाच्या बोटानेच दोन रेषांवर फुली मारली.

"दिव्याकडं जायची ती छत्रीकडं गेली. छत्रीची ती दिव्याकडं आली."

"कशावरून?"

"म्हणून तर हा उपाशी आणि ती भरलेली."

मी विश्वनाथकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता, पण नजर रांगोळीवर होती.

"मामा," मी म्हणाले, "तिसऱ्या दिव्याचा बॉक्स उघडायचाय."

"उघड तू."

"ते तुमचं टोक आहे. मी हात लावायचा नाही, हा नियम तुमचा."

मामा बसूनच राहिले. शेवटी आत्या म्हणाल्या, "उठा की. सुनेनं माझा जीव वाचवला, तुम्ही निदान शिडी तरी चढा." मामा उठले. मेन पडलेला आहे हे त्यांनी पाहिलं, मी टेस्टरने पुन्हा पाहिलं. ते चढले, बॉक्सचं झाकण काढलं, टेप सोडवली आणि तारांकडे बघत राहिले. मग त्यांचे ओठ हलले. निळा. नारिंगी. हिरवा.

"लाल संपली होती," ते वरूनच म्हणाले. "पहिल्या दोन दिव्यांना हात लालकडं गेला. हा तिसरा. तिसऱ्याला हिरवाच घेतला मी. तिसरा हिरवाच असतो, लीला. जन्मभर तिसरा हिरवाच होता."

पिवळीने चालवू म्हणणारे मामाच होते. पण बोलणारं तोंड एक आणि तार उचलणारा हात दुसरा. हाताने आपल्या क्रमाने हिरवी फेजला घेतली, मग उरलेली पिवळी अर्थिंगला. आणि खाली मी हिरवी पाहिली आणि डोळे झाकून छत्रीला जोडली. आपापल्या हिशेबाने दोघंही बरोबर होतो.

मला हसू आलं. अगदी आतून, आवरता येईना असं. मामांनी वरून रागाने पाहिलं आणि मग त्यांनाही आलं. आत्या म्हणाल्या, "हसा. माझा फोटो लागला असता भिंतीवर, मग हसला असता का?" त्यावर मामा म्हणाले, "लागला असता, पण त्याच्यावरचा दिवा लागला नसता." आत्यांनी कपाळाला हात लावला आणि ओल्या बोटाचं कुंकू कपाळभर झालं.

मग आम्ही ते दुरुस्त केलं. मामांनी वरच्या टोकाला तारांची अदलाबदल केली, पीळ दिला, टेप गुंडाळली. नंतर सेल आणि बॅटरीचा छोटा बल्ब घेऊन खड्ड्यातल्या जॉइंटरांसारखी आम्ही एकेक तार तपासली. मामा वरून विचारायचे, "बोलते का?" बल्ब लागला की मी खालून म्हणायची, "बोलते." या वेळी नियम थोडा मोडला. मी वर चढून त्यांचं टोक पाहिलं आणि त्यांनी खाली येऊन माझं. मेन चालू केला. तिसरं बटण दाबलं.

तीन दिवे एका ओळीत. तीन वर्तुळं फरशीवर, एकमेकांना कडेने शिवणारी. मी टेस्टर छत्रीला लावला, ओंजळ धरली, आत अंधार होता. आत्यांनी विचारलं, "लावू आता?" मी हो म्हणाले. त्यांनी छत्रीला कुंकू लावलं आणि मग माझ्या हातातला टेस्टर घेऊन त्यालाही लावलं.

विश्वनाथ माझ्याजवळ आला. तो चिडलेला नव्हता. त्याचा चेहरा उतरला होता.

"झालं ते निभावलं," तो हळू आवाजात म्हणाला. "पण आज घरचीच माणसं होती. तुझ्या मनात जे आहे, ते मला माहीत आहे, लीला. उद्या इथे लोकांची मुलं असती आणि असं झालं असतं, तर जबाबदारी कोणाची?"

"माझी," मी म्हणाले.

हे इतक्या पटकन आलं की मलाच नवल वाटलं. त्याला पुढेही काही हवं होतं. मी सांगितलं, विजेची गळती झाली की आपोआप तुटणारा मेन मिळतो, तो बसवायचा. कोणाचंही टोक असो, दुसऱ्याने तपासल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आणि बटण दाबणारा पहिला हात दर वेळी माझा.

"हे सगळं खैरनारांसाठी?" त्याने विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत खालून हाक आली. पाहुणे आले होते.

खैरनार साहेब सडपातळ, अदबीने बोलणारे गृहस्थ. जिना चढून दारात आले आणि तीन दिव्यांकडे बघून "वा" म्हणाले. त्यांच्या पत्नीने कोपऱ्यातल्या रांगोळीकडे नवलाने पाहिलं. हे कसलं चिन्ह, असं त्यांनी आत्यांना विचारलं. आत्या गंभीरपणे म्हणाल्या, "ते अर्थिंग आहे." बाईंनी मान डोलावली. त्यांना खोली आवडली. ओटा कुठे येईल, देव कुठे बसतील, हे त्या चालत चालत सांगू लागल्या. भिंतीवरचे प्लग पाहून साहेबांनी विचारलं की एवढे कशासाठी. विश्वनाथ माझ्याकडे बघायला लागला. मामा म्हणाले, "इस्त्रीला," आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

हवा चांगली आहे, पाणी आहे, बँक जवळ आहे. बोलणं पुढे सरकत गेलं. मिरवणुकीचे ताशे दूर वाजत होते. साहेब म्हणाले, आज मुहूर्त चांगला आहे, आम्हाला पसंत आहे. बाईंनी पिशवीतून नारळ काढला, त्यावर हळदीकुंकू होतं. दोन्ही हातांत धरून त्या पुढे झाल्या.

"लीला, पदर पुढं कर," आत्या म्हणाल्या. "वास्तूचा नारळ सुनेनं घ्यायचा."

आमच्याकडे नारळ पदरात पडला की शब्द पडला. मग मागे फिरणं नाही. मी कमरेला खोचलेला पदर सोडला. हातांना अजून टेपचा चिकटपणा होता, त्या पदराला मी हात पुसले. बाई नारळ पुढे करून हसत उभ्या होत्या. विश्वनाथ बोलत नव्हता. त्याने काही बोलावं, अशी मी वाट पाहिली. मग लक्षात आलं की तोही वाट बघतोय, आणि आजच नाही, पुष्कळ दिवसांपासून.

"वहिनी, तुम्ही चहा घेऊनच जा," मी म्हणाले. "नारळ मात्र तुमच्याकडेच राहू दे."

"अगं लीला," आत्या म्हणाल्या.

"ही खोली भाड्याने द्यायची नाही, आत्या. इथे मी मुलांसाठी प्रयोगशाळा काढणार आहे. जूनमध्ये मी मुलाखतीला जाणार नाही."